सत्याची देवघेव : साथीचा रोग आणि राज्यकर्त्याची वाणी

साथीच्या रोगाशी सामना करू पाहणाऱ्या सरकारपाशी फौज असते, पोलीस असतात, खजिना असतो आणि हवा तो कायदा एका बैठकीत संमत करून घेण्याचे सामर्थ्यही असते. परंतु ज्या एका गोष्टीवाचून ही सारी सामग्री पांगळी ठरते, ती मात्र त्याच्या भांडारात कधीच नसते. कोणत्या घरात कोणाला ताप भरला, कोणाच्या काखेत गाठ आली, आजारी पडण्यापूर्वी तो कोणाच्या सहवासात होता, याची खबर प्रत्येक कुटुंबाच्या उंबरठ्याच्या आत असते, आणि ती बाहेर यावी की न यावी हे त्या कुटुंबाच्या मर्जीवर अवलंबून असते. घराची झडती घेता येते, माणसाला बळाने उचलून नेता येते. पण ज्या सरकारचे भय रोगाच्या भयाहून मोठे झाले, त्याच्यापासून रोगी दडविण्याच्या अनंत युक्त्या रयतेला सुचतात. म्हणून संकटकाळी राज्यकर्ता काय बोलतो याचा विचार निव्वळ वक्तृत्वाचा विचार म्हणून करणे अपुरे आहे. तो जे सांगतो, ज्या रीतीने सांगतो आणि जे झाकून ठेवतो, त्यावरून लोक आपण त्याला काय सांगावयाचे हे ठरवीत असतात. प्रजेकडून सत्य हवे असेल तर राज्यकर्त्याने ते आधी स्वतः दिले पाहिजे, एवढाच माझा सिद्धान्त आहे. आणि त्याची कठोर परीक्षा १८९६ ते १८९८ या काळात मुंबईत व पुण्यात होऊन गेलेली असल्यामुळे तो पडताळून पाहण्यास महाराष्ट्राला फार दूर जावे लागत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले. ६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी जाहीरनामा काढून रोग्यांना सक्तीने घराबाहेर काढून इस्पितळात नेण्याचा अधिकार आपल्या अंमलदारांना दिला. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, हा त्या वेळच्या गिरणगावाचा अनुभव होता. आत काय होते, कोण शुश्रूषा करते, आप्तांना भेटता येईल की नाही, मृत्यू आल्यास देहाचे काय होईल, या प्रश्नांचे समाधान करण्याची आवश्यकता हुकमाइतकीच निकडीची आहे असे कोणाला वाटले नाही. परिणाम असा झाला की २९ ऑक्टोबरला गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला, आणि त्यानंतर अधिकाऱ्यांना सक्ती सैल करावी लागली. तोपर्यंत माणसे मोठ्या संख्येने शहर सोडून निघू लागली होती, आणि रोगही त्यांच्याबरोबर रेल्वेने व गलबतांनी इलाखाभर पसरू लागला होता.

या अनुभवातून सरकारने जो बोध घेतला तो अधिक बळाचा होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्यात सरकारला योग्य वाटतील ते निर्बंध जाहीर सूचनेने लागू करण्याचा अधिकार होता, ते मोडणाऱ्यास शिक्षा होती, आणि या कायद्याखाली सद्‌बुद्धीने कृती करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही असे अभयही होते. लोकांना कारण सांगण्याचे, मुदत सांगण्याचे किंवा त्यांचे गाऱ्हाणे ऐकण्याचे बंधन मात्र त्यात कोठेही नव्हते.

पुण्यात हा अधिकार ज्यांच्या हाती आला ते वॉल्टर चार्ल्स रँड सनदी नोकर होते, कामसू होते, आणि रोग हटवावा ही त्यांची इच्छा खोटी होती असे म्हणण्यास आधार नाही. पण साताऱ्याकडे असताना वाईच्या मिरवणुकीच्या प्रकरणात तेथील प्रतिष्ठित नागरिकांना तुरुंगात धाडणारा अंमलदार म्हणून त्यांचे नाव पुण्यास आधीच ठाऊक होते. विश्वास हा साथ आल्यावर तातडीने उभारता येणारा पदार्थ नाही. शांततेच्या काळात जेवढा साठविला असेल तेवढाच संकटात खर्चावयास मिळतो, आणि रँडसाहेबांच्या नावे साठविलेले काहीच नव्हते. मार्च १८९७ च्या मध्यास गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या पेठांतून घरोघर शिरू लागल्या, आणि मे महिन्यापर्यंत हे सत्र चालले. स्वयंपाकघरे आणि देवघरे तुडविली गेली, सामानसुमान बाहेर काढून जाळले गेले, स्त्रीपुरुषांची तपासणी चारचौघांत झाली, आणि रोग्याबरोबर त्याच्या निरोगी आप्तांनाही छावणीत नेण्यात आले. सूचनापत्रके निघाली होती, कवायत चोख होती, बंदोबस्तात कसूर नव्हती. ज्यांच्या घरात हे सर्व चालले होते त्यांना भागीदार समजून मसलत करण्याची बुद्धी मात्र नव्हती.

येथे एका गोष्टीचा विचार विशेष बारकाईने केला पाहिजे. ज्या उपायांसाठी एवढा जुलूम झाला, त्यांच्यामागचे शास्त्र त्या वेळी अपुरे होते. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगात सापडला होता; परंतु तो माणसापर्यंत उंदरावरील पिसवांच्या द्वारे पोचतो हे अनुमान पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने मांडले ते १८९८ मध्ये, आणि सरकारी संशोधकांनी त्यावर शिक्कामोर्तब केले ते पुढच्या शतकाच्या पहिल्या दशकात. म्हणजे पुण्यात भिंतींना चुना फासला जात होता, गाद्या व वस्त्रे जाळली जात होती, निरोगी आप्त वेगळे काढले जात होते, आणि त्याच वेळी रोगाचा खरा वाहक एका घरातून दुसऱ्या घरात निर्वेध संचार करीत होता. उलट खेड्यापाड्यांतील लोकांना एवढे कळून चुकले होते की उंदीर पडू लागले की घर सोडावे आणि माळावर झोपड्या घालून राहावे. कारणमीमांसा त्यांना ठाऊक नव्हती, पण निरीक्षण अचूक होते, आणि ग्रंथिक सन्निपातावर त्या काळी उपलब्ध असलेल्या उपायांत स्थलांतराइतका गुणकारी उपाय क्वचितच दुसरा होता. ज्या राज्यकर्त्याने आपले अज्ञान कबूल केले असते, त्याने हे निरीक्षण ऐकून घेतले असते. ज्याने आपल्या अज्ञानाला निश्चयाचा पोशाख चढविला, त्याला ऐकण्याचे प्रयोजनच उरले नाही. आपल्याला काय ठाऊक नाही हे सांगण्यात अधिकाराची हानी होते असे मानणारे शासक विसरतात की, ज्ञानाचा ओघ वरून खाली वाहतो तसा खालून वरही वाहतो, आणि आपण दरवाजा बंद केला की तो दोन्ही दिशांनी बंद होतो.

या बंद दरवाजाचा पुरावा पुण्याच्या प्लेग कमिटीच्या अहवालातच आहे. स्त्रियांच्या अब्रूवर हेतुपुरस्सर घाला घातल्याची एकही विश्वसनीय तक्रार आपल्याकडे आली नाही, याबद्दल कमिटीने त्यात समाधान नमूद केले आहे. तक्रार आली नाही म्हणजे अन्याय झाला नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्याने आधी हे तपासले पाहिजे की तक्रार घेऊन येण्याची वाट त्याने मोकळी ठेवली होती काय. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या व्यवस्थेत सापडलेल्या स्त्रियांच्या हालांविषयी वृत्तपत्रात उघड लिहिले, तेव्हा त्या लिखाणाची सरकारदरबारी संभावना कशी झाली हे सर्वांनी पाहिले होते. जेथे रमाबाईंसारख्या विदुषीची ही गत, तेथे एखाद्या वाड्याच्या आतल्या खोलीतील अबलेने कोणत्या कचेरीत जाऊन कोणापुढे कैफियत मांडावी?

गोपाळ कृष्ण गोखले यांच्यावर आलेला प्रसंग याहूनही उद्बोधक आहे. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस गेले असता पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोल्जरांच्या अत्याचारांची वार्ता तेथील वृत्तपत्रातून प्रसिद्ध केली. याच सुमारास, २२ जून १८९७ रोजी, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, आणि रँड ३ जुलैला मरण पावले. पुण्यात जादा पोलीस बसले, नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनाखाली चौकशीवाचून अटकेत टाकले गेले, आणि ‘केसरी’तील मजकुराबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला जाऊन पुढे त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. अशा वातावरणात गोखले परतले तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे त्यांना शक्य नव्हते. पुरावा देता येत नाही, म्हणून त्यांनी आपले विधान जाहीरपणे मागे घेतले आणि क्षमा मागितली. स्वजनांनी त्यांना भित्रे म्हटले. परंतु सार्वजनिक ठिकाणी उच्चारलेले विधान सिद्ध करता येत नसेल तर ते मागे घ्यावे, ही मर्यादा त्यांनी स्वतःच्या कीर्तीचे मोल देऊन पाळली, आणि साथीच्या काळात बोलणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याने ती आदर्श म्हणून डोळ्यांपुढे ठेवावी अशी आहे. त्याबरोबरच हेही ध्यानात धरले पाहिजे की ज्यांना सत्य ठाऊक होते त्यांची तोंडे भयाने शिवली होती. सरकारने भय निर्माण केले, भयाने पुरावा नाहीसा केला, आणि पुराव्याच्या अभावाचा उपयोग सरकारने आपल्या निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र म्हणून केला.

टिळकांची भूमिका साधारणतः सरकारविरोधापुरतीच स्मरणात राहिली आहे, आणि त्यामुळे तिचा अर्धा भाग लोपला आहे. रोग्यांना वेगळे ठेवण्याचे तत्त्व त्यांना अमान्य नव्हते. शहर संकटात असताना पळून जाणाऱ्या पुढाऱ्यांची त्यांनी कानउघाडणी केली, स्वतः पुण्यात राहिले, आणि हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ काढण्यात पुढाकार घेतला. लोकांना त्यांचे कर्तव्य आणि सरकारला त्याचे दोष एकाच लेखणीने सांगण्याचा अधिकार त्यांना प्राप्त झाला तो या वास्तव्यामुळे. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने निवर्तल्या. त्यांच्यापाशी कोणतीही सत्ता नव्हती; पण रोग्याजवळ जाणाऱ्या माणसापाशी रोगी आपले दुःख बोलून दाखवितो, आणि दुरून हुकूम सोडणाऱ्यापासून ते लपवितो, हे त्यांच्या आचरणाने सिद्ध केले.

शब्दाला कृतीचे तारण लागते, याचे दुसरे उदाहरण लसीचे आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या प्रयोगशाळेत तयार केलेली प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. या परदेशी औषधाविषयी लोकांच्या मनात घोर शंका असताना खोजा जमातीचे धर्मप्रमुख आगाखान यांनी, त्या वेळी ते विशीच्या आतबाहेरचे तरुण होते, आपल्या अनुयायांसमक्ष लस टोचून घेतली, आणि पुढाऱ्याच्या दंडावर जे झाले ते आपल्या दंडावर होण्यास अनुयायांची हरकत उरली नाही. या दोघांना कोणावरही सक्ती करावी लागली नाही. सरकारलाही पुढे हा धडा शिकावा लागला. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत जुलाह्यांच्या वस्तीत एका मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली, आणि त्यानंतर सोल्जरांचा उपयोग सोडून देऊन जातीजमातींच्या पुढाऱ्यांचे साहाय्य घेणे, त्यांची इस्पितळे मान्य करणे, सक्तीच्या जागी समजूत घालणे, हा मार्ग हळूहळू स्वीकारला गेला. प्लेगने या देशात पुढील काही दशकांत एक कोटीहून अधिक बळी घेतले. धोरण बदलले म्हणून रोग हटला असे कोणी म्हणणार नाही. परंतु रोगाशी चाललेले युद्ध प्रजेशीही चालविण्याचा मूर्खपणा निदान थांबला.

या कसोटीवर पुढचा इतिहास घासून पाहिला तर तीच रेघ उमटते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने अमेरिकेत लक्षावधी माणसे मारली, तरी अध्यक्ष विल्सन यांनी त्या साथीविषयी जनतेसमोर एक शब्दही काढल्याची नोंद नाही, कारण महायुद्ध चालू होते आणि उत्साहभंग होऊ द्यावयाचा नव्हता. फिलाडेल्फियात २८ सप्टेंबरला युद्धकर्जाच्या प्रचारासाठी प्रचंड मिरवणूक निघू देण्यात आली, आणि थोड्याच दिवसांत त्या शहराची इस्पितळे व स्मशाने अपुरी पडली. शंभर वर्षांनंतर वूहानमध्ये डॉ. ली वेनलिआंग यांनी आपल्या सहव्यवसायी मित्रांना नव्या रोगाची सूचना दिली, तेव्हा पोलिसांनी त्यांना ३ जानेवारी २०२० रोजी समज देऊन गप्प बसविले. हा रोग माणसाकडून माणसाला होतो हे चीनने उघड मान्य केले ते २० जानेवारीला, आणि ७ फेब्रुवारीला डॉ. ली त्याच रोगाने वारले. सत्य सांगणाऱ्या पहिल्या माणसाला शिक्षा झाली की दुसरा माणूस पुढे येत नाही, आणि साथीच्या आरंभी गमावलेले दिवस नंतर कोणत्याही किमतीने परत मिळत नाहीत.

आपल्या देशातही १८९७ चा तोच कायदा १२३ वर्षांनंतर दप्तरातून बाहेर काढून लागू करण्यात आला. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी सांगितले की मध्यरात्रीपासून एकवीस दिवस सारा देश बंद राहील. घरात का राहावे हे त्या भाषणात तळमळीने सांगितले होते, आणि ज्यांना घर होते, पगार होता, त्यांनी ते मनोभावे पाळले. पण ज्यांचे घर शेकडो कोस दूर होते आणि ज्यांची मजुरी त्या मध्यरात्रीपासून बुडाली, त्यांनी कोठे राहावे व काय खावे याचे उत्तर हुकमाबरोबर मिळाले नाही; मदतीची योजना दोन दिवसांनी आली, आणि तोपर्यंत लोकांचे तांडे रस्त्याला लागले होते. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडच्या परिसरात चालून थकून रुळांवर निजलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मेले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात अशा मृत्यूंची आकडेवारी उपलब्ध नाही असे उत्तर लोकसभेत देण्यात आले. ज्यांची गणतीच झाली नाही ते सरकारच्या बोलण्याच्या कक्षेतही नव्हते, आणि ज्याच्याशी सरकार बोलत नाही त्याच्यापर्यंत त्याची काळजी पोचू शकत नाही. पुढल्या वर्षी ७ मार्चला केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी महामारी अखेरच्या टप्प्यात आल्याचे सांगितले, आणि दोन महिन्यांच्या आत दिवसाला चार लाखांहून अधिक नवे रोगी नोंदले जाऊ लागले. अकाली विजयघोषाने लोक गाफील राहिले, आणि त्याहून वाईट हे की पुढच्या सूचनेचे वजनही त्याने कमी केले.

याच काळात धारावीने उलट दिशेचे उदाहरण घालून दिले. सुमारे अडीच चौरस किलोमीटरांत आठ लाखांवर माणसे दाटीवाटीने राहणाऱ्या त्या वस्तीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रोगी सापडला, तेव्हा भयंकर भाकिते केली गेली. महापालिकेने वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना बरोबर घेतले, कारण त्यांच्या दवाखान्याची पायरी लोक वर्षानुवर्षे चढत आले होते. तापाची शिबिरे दारात भरविली, विलगीकरणाची सोय शाळांत व सभागृहांत केली, आणि तेथे अन्न व उपचार मिळतील याची तजवीज ठेवली. वेगळे होण्याची किंमत उपासमार नाही हे दिसल्यावर लोक लक्षणे सांगू लागले. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव जगापुढे घेतले. पुण्यातील १८९७ च्या झडत्या आणि ही शिबिरे यांत खरा फरक माझ्या मते हाच आहे की, पहिल्या प्रसंगी सरकार रोगी पकडण्यास निघाले होते आणि दुसऱ्या प्रसंगी रोग्याला आपण होऊन पुढे येता यावे अशी वाट त्याने बांधली होती.

नियम राज्यकर्त्यालाही लागू असला पाहिजे, ही त्याच विश्वासाची दुसरी अट आहे. न्यूझीलंडच्या तत्कालीन पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी निर्बंध लावण्यापूर्वी, २१ मार्च २०२० रोजी, चार पायऱ्यांची पद्धत लोकांना समजावून दिली, त्यामुळे उद्या काय होऊ शकते हे प्रत्येकाला आज ठाऊक झाले. आणि त्यांच्याच आरोग्यमंत्र्याने निर्बंध मोडला तेव्हा त्याची पदावनती केली. ब्रिटनच्या तत्कालीन पंतप्रधानांना मात्र टाळेबंदीतील मेळाव्याबद्दल एप्रिल २०२२ मध्ये पोलिसांकडून दंड झाला, आणि मरणाऱ्या आईबापांचे अंत्यदर्शन नियमाखातर सोडून दिलेल्या हजारोंच्या मनाला झालेली जखम त्या दंडाने भरून निघाली नाही. जर्मनीच्या तत्कालीन चॅन्सेलर आंगेला मेर्केल १८ मार्च २०२० च्या भाषणात म्हणाल्या की प्रवासाचे व हालचालीचे स्वातंत्र्य ज्यांना झगडून मिळवावे लागले त्यांपैकीच मी आहे, आणि म्हणून हे निर्बंध मला हलके वाटत नाहीत. जे काढून घेतले जात आहे त्याचे मोल मान्य करणाऱ्या राज्यकर्त्याचा हुकूम मनुष्य अपमान न मानता पाळतो.

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की साथीच्या धामधुमीत समजूत घालीत बसण्यास वेळ नसतो. पण पुण्याच्या इतिहासाने दाखविले आहे की समजुतीवाचून वाचविलेला वेळ पुढे दंगे, पलायन, लपवाछपवी आणि खून यांच्या रूपाने व्याजासह फेडावा लागतो. दुसरा आक्षेप असा की संपूर्ण सत्य सांगितल्यास लोक घाबरतील. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी हेच कारण दिले होते. रोग हवेतून पसरतो आणि घातक आहे हे त्यांनी ७ फेब्रुवारी २०२० रोजी एका पत्रकाराशी खासगीत बोलताना सांगितले होते, आणि जाहीरपणे मात्र ते त्याला क्षुल्लक लेखत राहिले. घबराट उत्पन्न होते ती सत्य कळल्याने नव्हे, सत्य कळल्यावर काय करावयाचे हे न कळल्याने. आणि जे लोक मृत्यू आपल्या शेजारच्या घरात पाहत असतात त्यांच्यापासून तो लपविता येतो असे समजणे हा त्यांच्या बुद्धीचा अवमान आहे. आज आम्हाला हे ठाऊक आहे, हे ठाऊक नाही, अमुक दिवशी पुन्हा विचार करू, आणि तोपर्यंत हे हाल सोसावे लागणाऱ्यांची तरतूद अशी केली आहे, इतके चार शब्द रोज नेमाने सांगणारे सरकार चुकले तरी लोक त्याला सोडून जात नाहीत, कारण त्याची चूक त्यांना आपल्या विश्वासातली वाटते.

परंतु हे सर्व राज्यकर्त्याच्या स्वभावावर सोपविणे धोक्याचे आहे. रँड आणि त्यांच्यानंतर आलेले समजूतदार अंमलदार एकाच कायद्याखाली वागत होते, आणि कायद्याने त्या दोहोंत काही भेद केला नव्हता. एप्रिल २०२० मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली ती आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांना कठोर शिक्षा देण्यासाठी. ती आवश्यक होती, पण शासनाला जाब देण्यास बांधणारे कलम त्या वेळीही घातले गेले नाही. साथीच्या काळात लागू होणाऱ्या प्रत्येक हुकमाबरोबर त्याची कारणे लोकांच्या भाषेत प्रसिद्ध झाली पाहिजेत, त्याला मुदत असली पाहिजे, ज्यांची रोजी बुडते त्यांची तरतूद त्याच हुकमात असली पाहिजे, मृतांची गणती विधिमंडळापुढे ठरावीक काळाने ठेवली गेली पाहिजे, आणि गाऱ्हाणे सांगणाऱ्यास तेच अभय मिळाले पाहिजे जे हुकूम बजावणाऱ्यास १८९७ पासून मिळत आले आहे. पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही, पण ती येईल याविषयी शंका नाही; आणि ती येईल तेव्हा घराघरांतील खबर सरकारपर्यंत पोचेल की नाही, हे या पाच गोष्टी आपण आज, डोके शांत असताना, कायद्यात लिहून ठेवतो की नाही यावर ठरणार आहे.